पाटावरचा नाग आणि मडक्यातला नाग : बत्तीस शिराळ्याचं प्रकरण

नागपंचमीला विळी धरायची नाही, तवा चढवायचा नाही, शेतात नांगर की कुदळ लावायची नाही. जमिनीखाली कुणाचं तरी घर असतं, त्याला धक्का लागता कामा नये, हे आईनं आम्हाला कळायला लागल्यापासून सांगितलेलं. त्या दिवशी घरात फक्त उकडलेलं शिजायचं, पुरणाची दिंडं. आणि त्याच पंचमीसाठी माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, पंधरा-वीस दिवस आधीपासून खोरं आणि काठी घेऊन बांध धुंडाळत असायचे. एकाच घरात, एकाच सणासाठी, आई जमीन खणू नका म्हणायची आणि तात्या बिळं उकरायचे. यात काही विसंगत आहे असं तेव्हा आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यातलं. आता मी कराडला महाविद्यालयात शिकवते. पर्यावरणाचे कायदे आणि वारसा हा भाग वर्गात आला की प्रकरण अभ्यासाला मी शिराळ्याची नागपंचमीच घेते. नदीत सांडपाणी सोडणारा कारखाना किंवा लेण्याला लागून उठलेली इमारत, अशा प्रकरणांत चूक कुणाची ते मुलं पहिल्या पाच मिनिटांत सांगून मोकळी होतात. इथं तसं होत नाही. इथं जपायच्या गोष्टी दोन आहेत, नाग आणि नागाची पूजा, आणि दोन्ही आपल्याच.

काय चालायचं

बत्तीस गावांचं म्हणून बत्तीस शिराळा. मोरणेच्या काठचं गाव. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक इथला, पण बाहेरच्या माणसाला शिराळा म्हटलं की आठवतो तो नाग. गावची कथा अशी : गोरक्षनाथ भिक्षेला महाजनांच्या दारात आले. घरातल्या बाईला भिक्षा आणायला उशीर झाला, कारण ती मातीच्या नागाची पूजा करत होती. नाथांनी विचारलं, जिवंत नागाची पूजा करशील का? ती हो म्हणाली, आणि मातीचा नाग जिवंत झाला. तेव्हापासून शिराळ्यात जिवंत नाग पुजायची रीत पडली.

अंबामातेचा कौल घेऊन मंडळं बाहेर पडायची. गल्लोगल्लीचं मंडळ वेगळं, प्रत्येकाची आपापली रानं ठरलेली. पकडलेला नाग मडक्यात ठेवायचा, तोंडाला फडकं बांधायचं, मडकं घरातल्या गार, अंधाऱ्या कोपऱ्यात. पंचमीला आधी अंबामातेच्या देवळात, मग घरोघरी. बायका हळदकुंकू, लाह्या, दूध घेऊन उंबऱ्यावर बसलेल्या. आमच्याकडे आदल्या दिवशी भावाचा उपवास असतो. नाग हा बाईचा भाऊ. माहेरी आलेली पोर झोक्यावर बसते आणि भावाला ओवाळावं तसं नागाला ओवाळते. दुपारनंतर मिरवणूक. सण झाला की ज्याला जिथून आणला तिथं नेऊन सोडायचं.

शिराळ्याच्या माणसाच्या बाजूनं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण बाहेरून लिहिणारे ती हमखास गाळतात. गारुड्यासारखे दात काढणं, तोंड शिवणं हे आमच्याकडे पाप मानलं जायचं. नाग मारणं तर त्याहून मोठं पाप. गोठ्यात नाग निघाला तर बाकी मुलखात काठी शोधतात, आमच्याकडे तात्यांना बोलावणं यायचं.

तात्यांबरोबर मी एकदाच रानात गेले, नऊ-दहा वर्षांची असेन. आषाढातली रिपरिप, धूळवाफेवर पेरलेलं भात गुडघ्याएवढं आलेलं. तात्या बांधाकडेनं चालत होते, पण बीळ शोधताना ते बिळाकडे बघतच नव्हते. आधी आजूबाजूच्या मातीकडे बघायचे. एका बिळाच्या तोंडावर कोळ्याचं जाळं होतं. "हितं कोण ऱ्हात न्हाई," एवढंच म्हणून पुढं. दुसऱ्याची कड गुळगुळीत झालेली, चिखलावर सरपटल्याची ओली रेघ, आणि घाणेरीच्या मुळाला अडकलेलं कातेचं चिंधूक. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. डोळ्यांच्या जागीसुद्धा काचेसारखे दोन गोल खवले होते, कारण सापाला पापण्या नसतात आणि तो डोळ्यांवरचीही कात टाकतो. तात्यांनी खोऱ्यानं हलकेच दोन-तीन थर काढले, मग खोरं बाजूला ठेवून हातानं माती सारायला लागले. आत फुसकारा झाला. तात्या मान वाकडी करून थोडा वेळ बघत राहिले आणि एकाएकी सारलेली माती परत लोटायला लागले.

"काय झालं?"

"अंड्यावर बसलीया. चल."

त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं घरी आलो. मंडळातल्या पोरांनी तात्यांना बरंच सुनावलं असणार, कारण रात्री ओसरीवर आवाज चढलेले मला आठवतात.

या प्रकरणाकडे मी शिक्षिका म्हणून बघते तेव्हाही ती सारलेली माती माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. नागाची मादी उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात. तोवर ती अंड्यांजवळून हलत नाही. श्रावण शुद्ध पंचमी येते नेमकी त्या सुमाराला. म्हणजे ज्या पंधरवड्यात आमची मंडळं बिळं शोधत फिरायची, त्याच पंधरवड्यात काही बिळांत अंडी उबत असायची. प्रत्येक खोऱ्यामागे तात्यांसारखा हात होता असं मी म्हणू शकत नाही.

आणि पुढंपुढं तसे हात कमीच होत गेले. मिरवणूक बैलगाडीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आली, हलगीच्या जागी भिंतीएवढे स्पीकर आले, सर्वांत उंच फणा काढणाऱ्या नागाला बक्षीस सुरू झालं. नागाबरोबर घोरपडी, धामणी मिरवणुकीत दिसायला लागल्या. त्यांचा नाथांच्या कथेशी काही संबंध नव्हता. नाग फणा काढतो तो भीतीनं. सापाला बाहेरचा कान नसतो, हवेतले आवाज त्याला माणसासारखे ऐकू येत नाहीत, पण हादरा त्याच्या अंगभर जातो. ट्रॉलीच्या लोखंडी पत्र्यावर, उन्हात, शेपटी धरून तासन् तास उभा केलेला नाग भीतीनंच फणा धरून राहतो. खाली गर्दी म्हणते, नागोबा डोलतोय.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यातला एक शब्द या साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे : शिकार. आपण शिकार म्हटलं की बंदूक आणि मेलेलं जनावर डोळ्यांसमोर आणतो. कायद्याची व्याख्या त्याहून पुष्कळ रुंद आहे. वन्यप्राण्याला पकडणं, सापळ्यात अडकवणं, हुसकावणं आणि यातलं काही करायचा नुसता प्रयत्नसुद्धा कलम २(१६) नुसार शिकारच. इतकंच नाही, पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांची अंडी फोडणं किंवा अंड्यांना, घरट्याला धक्का लावणं हेही त्यातच येतं. कलम ९ अशा शिकारीला बंदी घालतं. नागाचं एक खवलंही न दुखवता त्याला मडक्यात ठेवला, दूध-लाह्या वाहिल्या आणि परत सोडला, तरी कायद्याच्या लेखी ती शिकार.

हे शिराळ्यात पहिल्यांदा सांगितलं गेलं तेव्हा माणसं दुखावली. आम्ही नागाला देव मानतो आणि आम्हाला शिकारी म्हणता? त्यांचं दुखावणं मला समजतं. पण व्याख्या इतकी रुंद का ठेवली आहे, तेही समजून घ्यायला हवं. पकडणारा भाविक आहे की विषाचा किंवा कातड्याचा व्यापारी, हे रानातल्या वनरक्षकाला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. पकडणं हाच गुन्हा धरला तरच व्यापाऱ्याला अडवता येतं.

पूर्वी नाग या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत होता. २०२२ च्या दुरुस्तीनं सहाच्या चार अनुसूच्या झाल्या, १ एप्रिल २०२३ पासून त्या लागू झाल्या आणि नाग पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या रांगेत. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा नाही, ती सूट कलम ११ मध्ये आहे. सणासाठी सूट कुठंच नाही.

न्यायालयात हा वाद बरीच वर्षं चालला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं जिवंत नाग पकडणं, त्यांची मिरवणूक काढणं, त्यांचे खेळ आणि स्पर्धा भरवणं बंद करायचा आदेश दिला. पूजेला बंदी नव्हती. अंबामातेची पालखी निघते, देऊळ उघडं असतं, घरोघरी पंचमी होते. नागाच्या जागी प्रतिमा आली. पंचमीच्या आधी काही दिवस वनखात्याची पथकं रानात फिरायला लागली, चौकाचौकात पोलीस उभे राहिले.

यावर आमच्या भागात सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न बैलाचा आहे. सांगली-साताऱ्याकडे बैलगाडा शर्यत म्हणजे जीव की प्राण. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जल्लीकट्टूबरोबर या शर्यतीही थांबवल्या. मग २०१७ मध्ये महाराष्ट्रानं दुरुस्ती कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं हे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. मग बैल पळतो तर नाग का नाही?

वर्गात या प्रश्नावर मी पूर्ण तास देते, कारण दोन कायद्यांतला फरक याच्याइतका स्वच्छ दुसरीकडं कुठं दिसत नाही. बैलाचं प्रकरण १९६० च्या प्राण्यांशी क्रूरतेनं वागण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखालचं. तो कायदा प्राणी माणसाजवळ असतो हे गृहीत धरतो आणि त्याला कसं वागवायचं ते सांगतो. बैल गोठ्यात जन्मतो, त्याच्या वैरणीपाण्याची जबाबदारी कुणाची तरी असते, शर्यतीला नियम घालता येतात. वन्यजीव कायद्याचं गृहीतकच उलटं : हा प्राणी माणसाजवळ नसावा. तो कुणाच्या मालकीचा नाही. तेव्हा त्याला कसं वागवायचं याचे नियम करून भागत नाही, कारण नियम करायचे तर आधी तो पकडावा लागतो. वन्यप्राण्यांचं रक्षण हा विषय १९७६ पासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, त्यामुळे राज्याचा रस्ता अगदीच बंद नाही. पण केंद्राच्या कायद्याला छेद देणारी तरतूद राज्यात टिकायला राष्ट्रपतींची संमती लागते. आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला एका गावाच्या सणासाठी सूट दिली, तर दुसऱ्या गावाला नाही कशी म्हणणार?

दोन शेजारची कलमं

राज्यघटनेत ही ओढाताण फार जवळजवळ मांडलेली आहे. अनुच्छेद ५१क म्हणजे नागरिकांची मूलभूत कर्तव्यं. त्यातलं (च) सांगतं की आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा मोलाचा मानून तो जतन करावा. लगेच पुढचं (छ) सांगतं की वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण करावं आणि प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगावी. दोन्ही एकाच वेळी आली, १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं. त्याच दुरुस्तीनं राज्यसंस्थेवर पर्यावरण आणि वन्यजीव रक्षणाची जबाबदारी टाकणारा अनुच्छेद ४८क आणला. आणि अनुच्छेद २५ मधलं धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे.

एक विद्यार्थिनी एकदा म्हणाली, "मॅडम, (च) आधी येतं, म्हणजे संस्कृती आधी." तसं नसतं. क्रमानं कुणी मोठं होत नाही, दोन्ही एकदमच पाळायची असतात. पाळायची कशी, ते मात्र अनुच्छेदात लिहिलेलं नाही.

दगडाच्या वारशाचं काम सोपं आहे असं मी म्हणणार नाही, पण तिथं कायद्याला रेघ तरी ओढता येते. १९५८ च्या केंद्रीय कायद्याखालच्या स्मारकाभोवती १०० मीटर बांधकामाला बंदी, त्यापुढं २०० मीटर नियंत्रण, ही रेघ २०१० च्या दुरुस्तीनं आली. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा १९६० चा. भिंत, शिलालेख, लेणं यांना संरक्षित घोषित करता येतं. रितीला मीटर लावून रेघ मारता येत नाही. अमूर्त वारशासाठी आपल्याकडे असा स्वतंत्र कायदाच नाही. २००३ चा युनेस्कोचा करार भारतानं २००५ मध्ये मान्य केला. त्यात वारशाचे पाच प्रांत सांगितले आहेत, त्यातला एक आहे निसर्ग आणि विश्व यांविषयीचं ज्ञान आणि आचार. शाश्वत विकासाशी सुसंगत असेल तोच वारसा विचारात घ्यायचा, अशी अटही तिथंच आहे.

तो प्रांत वाचताना मला तात्या आठवले. बीळ वाचणं, कातेवरून सापाची जात सांगणं, अंड्यावर बसलेली मादी ओळखून माती परत लोटणं, हे निसर्गाविषयीचं ज्ञान नाही तर काय आहे? शिराळ्याच्या पंचमीत दोन गोष्टी एकमेकीत गुंतलेल्या होत्या, तमाशा आणि ज्ञान. २०१४ च्या आदेशानं तमाशा थांबवला, आणि तो थांबायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण त्याबरोबर ज्ञानही थांबलं, आणि त्याच्यासाठी वेगळी जागा करावी याचा विचार तेव्हा कुणी केला नाही. ना न्यायालयात दाद मागणाऱ्यांनी, ना गावानं, ना आम्ही शिकवणाऱ्यांनी.

आमच्या तालुक्याला वनकायदा अनोळखी नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. पश्चिमेला चांदोली. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग, २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांपैकी एक. त्या जंगलातली गावं उठली, माणसं खाली येऊन वसाहतींत राहिली. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला कायदा म्हटलं की उठा, सोडा, हात लावू नका, एवढंच आठवतं. त्यात पंचमीची भर पडली.

कथा नीट ऐकली तर

बंदीच्या विरोधात बोलणारे म्हणतात, प्रतिमेची पूजा म्हणजे परंपरा मोडली. मला या म्हणण्याला उत्तर द्यायचं आहे, आणि ते कायद्याच्या पुस्तकातून नाही, आमच्याच कहाण्यांतून.

श्रावणात आई सांगायची ती नागपंचमीची कहाणी आठवा. शेतकऱ्यानं नांगर धरला, फाळाखाली नागिणीची पिल्लं मेली. नागिणीनं सूड घेतला, सारं घर डसलं. लेक सासरी होती, तिलाही डसायला गेली, तर तिथं पोरगी पाटावर गंधानं नाग, नागीण आणि नऊ नागकुळं काढून पूजा करत बसलेली. दुधाचा नैवेद्य ठेवलेला. नागीण शांत झाली, अमृत दिलं, माहेरची माणसं उठली. या कहाणीत पाप कशाला म्हटलंय? जमीन उकरून पिल्लं मारण्याला. पुण्य कशाला? पाटावर काढलेल्या चित्राच्या पूजेला.

आणि शिराळ्याची स्वतःची कथा? गोरक्षनाथ दारात आले तेव्हा ती बाई काय करत होती? मातीच्या नागाची पूजा. नाथ यायच्या आधीपासून त्या घरात पंचमी होतीच, आणि ती मातीच्या नागासमोर होती.

म्हणजे पाटावरचा नाग आणि मातीचा नाग न्यायालयानं बाहेरून आणलेला नाही. तो आमच्या सणाचा मूळ थर आहे. आईचा नियम, पंचमीला खणायचं नाही, हा त्या थरातला. माझ्या मते तो या मातीतला सगळ्यात जुना वन्यजीव कायदा आहे. नागानं उंदीर खायचे, भात वाचवायचं, आपण त्याचं बीळ वाचवायचं. मडक्यातल्या नागाची रीत त्यावर नंतर चढली. तिनं आम्हाला नागाची भीती घालवायला शिकवलं, हे तिचं मोठं देणं. पण आईच्या नियमाशी तिचा मेळ कधीच बसला नव्हता. आमच्या घरात दोघं एका पंगतीला जेवत होते म्हणून ते आमच्या ध्यानात आलं नाही.

कलम १२ चं दार

वन्यजीव कायद्यात एक दार आहे, ज्याची शिराळ्यात बरीच वर्षं चर्चाच झाली नाही. कलम १२ नुसार शिक्षण, शास्त्रीय संशोधन यांसारख्या हेतूंसाठी मुख्य वन्यजीव रक्षक परवाना देऊ शकतात. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. २०२५ मध्ये, २९ जुलैच्या नागपंचमीच्या आधी, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं शिराळ्यात शिक्षण आणि पारंपरिक ज्ञानाचा प्रसार या हेतूनं मर्यादित प्रमाणात नाग पकडायला परवानगी दिली.

गावात आनंद झाला, फटाके वाजले. मला आनंदाबरोबर काळजी वाटली, ती सांगते.

परवाना हेतूला बांधलेला असतो. कलम १२ मध्ये शिक्षण आहे, मिरवणूक नाही, पूजा नाही, स्पर्धा नाही. पण ज्या गावानं इतकी वर्षं वाट पाहिली, त्या गावाला परवानगी म्हणजे जुनी पंचमी परत आली असंच वाटणार. आणि परवानगीची वेळ पंचमीलाच बांधली की नेमका तो अंड्या-पिल्लांचा काळ पुन्हा पुढं येतो. शिक्षणच द्यायचं असेल तर ते पंचमीला का? दिवाळीनंतर, भातकापणीच्या वेळी का नाही? तेव्हा रानात विळा चालतो, माणसं वाकून काम करतात, भाऱ्याखाली साप निघतात. शिकायची खरी गरज तेव्हाच असते. माझं मागणं एवढंच आहे की परवाना द्यायचा तर महिना निवडताना नागाच्या विणीचा विचार आधी व्हावा आणि पंचांगाचा नंतर.

दुसरं, शिकवायचं काय? भारतात सर्पदंशानं दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासाचा अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यात, शेतात राबणाऱ्यांचे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य. मार्च २०२४ मध्ये केंद्रानं सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ध्येय ठेवून. आता विचार करा, ज्या गावात चार-पाच पिढ्या नागाला ओळखतात, घाबरत नाहीत आणि मारत नाहीत, त्या गावाकडे या कामासाठी किती मोठी ठेव आहे. मण्यार रात्री अंथरुणात येते म्हणून जमिनीवर झोपायचं नाही, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, दंश झाला तर चिरायचं नाही, बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही, प्रतिसर्पविष असेल त्या दवाखान्यात सरळ न्यायचं. हे सांगायला जिवंत नाग मडक्यात लागतोच असं नाही. कात लागते, चित्र लागतं, आणि तात्यांसारखा माणूस लागतो.

माणसं मात्र संपत चालली आहेत. आमच्या वस्तीवर बीळ वाचता येणारे तात्यांच्या वयाचे दोघंच उरलेत. त्यांच्याकडून लिहून, चित्रित करून घ्यायचं काम मी दोन वर्षांपासून विद्यार्थ्यांकडून करून घेते. कुठल्या मातीत बीळ खोल जातं, पाऊस लांबला की साप कुठं सरकतात, उसाच्या पाचटात काय असतं, असं बरंच. आतापर्यंत तीन वह्या भरल्यात. मुलांना सक्त ताकीद आहे : बिळाला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं आणि लिहायचं.

गेल्या श्रावणातली एक दुपार

मी पंचमीला माहेरी गेले होते. शेजारच्या गोठ्यात, गव्हाणीच्या मागं नाग निघाला. पोरं तात्यांना बोलवायला आली. तात्यांचं वय आता सत्तरीपार, गुडघे दुखतात. गेले, पण काठी घेऊन नाही. सगळ्यांना मागं सारलं, म्हैस सोडून बाहेर बांधायला लावली, दाराशी स्टूल टाकून बसले आणि मला म्हणाले, "फोन लाव त्या पोराला." वनखात्याकडं नोंद असलेला सर्पमित्र तालुक्याच्या गावाहून यायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ तात्या स्टुलावरून हलले नाहीत आणि कुणाला हलू दिलं नाही. घरातून आई पाट घेऊन आली. पाटावर सकाळीच काढलेला गंधाचा नाग होता. तो तिनं गोठ्याच्या उंबऱ्याबाहेर ठेवला, लाह्या वाहिल्या आणि परत गेली.

सर्पमित्र आला, हुकानं नाग उचलला, पिशवी पुढं केली. तात्या उठले, जवळ गेले, पण हात मागं बांधूनच.

"शेपटी बघ. मादी हाय."

"होय, आजोबा."

"मग घाई करू नको. गव्हाणीखाली उकिरड्याची माती पोकळ हाय. आदी तिथं बघ."

पोरानं टॉर्च मारला. गव्हाणीखालच्या सैल मातीत, पांढरट, एकमेकांना चिकटलेली अंडी दिसत होती. त्यानं पिशवी बाजूला ठेवली, वनपालांना फोन लावला आणि विचारलं, काय करू. पलीकडून बोलणं बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं ते असं : मादी तिथंच सोडायची, गोठ्याचं ते तोंड पत्र्यानं बंद करायचं, म्हैस महिनाभर आमच्या छपरात बांधायची, आणि पिल्लं निघेपर्यंत तिकडं कुणी फिरकायचं नाही.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "महिनाभर?" तात्या म्हणाले, "म्हशीची वैरण मी घालतो." आणि पत्रा धरायला पुढं झाले.